तलावाच्या गाळातून मागची शंभर वर्षं कशी वाचायची: ठाणे-नवी मुंबईत काम करणाऱ्यांसाठी

ठाण्यात तलावांना तोटा नाही. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे, खारेगाव, आणि दरवर्षी डिसेंबर उजाडला की एमएस्सीची दोन-तीन मुलं मला गाठून विचारतात, ताई प्रोजेक्टला तलावाचं पाणी घेऊ का. घ्या की, पण पाणी फक्त आजचं सांगतं, फार तर मागच्या पंधरवड्याचं, एक मोठा पाऊस पडला की सगळे आकडे बदलले. खालचा गाळ मात्र वर्षावर वर्ष साठत जातो आणि त्यात जे सेंद्रिय द्रव्य अडकून राहतं त्यावरून तलावात पूर्वी काय चाललं होतं ते बऱ्यापैकी कळतं. दरवेळी तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

सेंद्रिय द्रव्य म्हणजे काय काय, तर पाण्यात वाढलेलं शेवाळं, जलपर्णी, काठावरच्या वड-पिंपळाची पानं, येऊरच्या डोंगरावरून पावसात वाहून आलेली माती आणि तिच्यातला पालापाचोळा, निर्माल्य, आणि नाल्यातून येणारं सांडपाणी. यातलं बरंचसं तळाला पोचायच्या आधीच किंवा पोचल्यावर लगेच जिवाणू खाऊन टाकतात. उरतं ते पुरलं जातं.

आता सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की बसवून घ्या. गाळातल्या सेंद्रिय भागाचा कुठलाही एक आकडा एकटा घेऊन काही बोलायचं नाही. कारण त्या एका आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात, तलावात किती आलं, त्यातलं किती कुजून गेलं, आणि वरून माती-रेती पडून ते किती पातळ झालं. या तिघांचा गुंता सोडवणं हेच खरं काम आहे, मशीन वगैरे सगळं त्यानंतर.

आधी तलाव निवडा, आणि हे घाईत करू नका

शहरातल्या तलावांची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गाळ उपसलेला असतो. सुशोभीकरण होतं, उन्हाळ्यात पाणी कमी करून पोकलेन उतरतो, कठडे बांधतात, कारंजी लागतात. तलावासाठी ते कदाचित गरजेचंही असेल, पण आपल्यासाठी तिथली पन्नास वर्षं डंपरमधून निघून गेलेली असतात. म्हणून गाळाचा नमुना काढायची नळी घेऊन जाण्याआधी चौकशी करायची. महापालिकेत जुन्या निविदा आणि कामाच्या फायली असतात, माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो, जुनी वर्तमानपत्रं चाळता येतात. आणि सगळ्यात खात्रीची माहिती देतात ते काठावरचे लोक, बोटिंगवाले, गळ टाकून बसणारे काका, देवळातले गुरुजी, फुलं विकणाऱ्या मावशी. कुठल्या वर्षी गाळ काढला, कुठल्या कोपऱ्यात मशीन पोचलंच नाही, नाल्याचं तोंड आधी कुठे होतं, हे सगळं त्यांना पाठ असतं. मी आता पहिले दोन दिवस फक्त यातच घालवते आणि ते वाया गेले असं कधी झालं नाही.

उपसलेला तलाव अगदीच टाकाऊ नसतो, उपसल्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं मिळतात आणि त्याची सुरुवात कधी झाली ते नक्की ठाऊक असतं. पण मग प्रोजेक्टच्या नावात शंभर वर्षं लिहू नका.

जमलं तर असा जलाशय बघा ज्याची जन्मतारीख माहितीय. विहार १८६०, तुळशी १८७९, पवई १८९१. या जागी आधी तलाव नव्हता, म्हणजे कोअरच्या, नळीने उभ्याने काढलेल्या गाळाच्या नमुन्याच्या, तळाशी गाळ संपून जुन्या जमिनीची घट्ट माती, मुळं, खडे लागले की ते पाणी अडवल्याचं वर्ष. अशी फुकटात मिळालेली तारीख कुठल्याही लॅबच्या तारखेइतकीच कामाची असते. ठाण्यातले बरेच तलाव शिलाहार काळापासूनचे सांगितले जातात, पण तेवढं जुनं म्हणजे गाळही तेवढा जुना असं धरून चालू नका.

नवी मुंबईतल्या मुलांना होल्डिंग पॉन्ड, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून धरायला केलेली तळी, जवळचे वाटतात आणि ते साहजिक आहे, कॉलेजातून चालत जाता येतं. पण तिथे भरतीचं पाणी येतं-जातं, कांदळवन वाढलेलं असतं, खाडीचा गाळ आत येतो, म्हणजे सेंद्रिय द्रव्याचे मालक आणखी वाढले, समुद्री शेवाळं, खाडीचं पाणी, कांदळाची पानं. पहिल्याच प्रोजेक्टला ते घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

परवानगीशिवाय तलावात उतरायचं नाही. शहरातला तलाव असेल तर महापालिका, येऊर किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असेल तर वन विभाग, खाडीकडे असेल तर कांदळवन कक्ष. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, तिथे चमचाभर चिखल उचलायलासुद्धा कागद लागतो. अर्जाला वेळ लागतो, म्हणून पावसाळा संपायच्या आत टाकून द्या.

कोअर काढणं

वेळ कोणती, तर जानेवारी-फेब्रुवारी. पाणी शांत असतं, भाद्रपदातलं विसर्जन आणि छठ होऊन गेलेलं असतं, आणि उकाडा सुरू झालेला नसतो. जागा शक्यतो तलावाच्या सगळ्यात खोल भागात, विसर्जन घाटापासून, नाल्याच्या तोंडापासून आणि कारंज्यापासून लांब. दोरीला वजन बांधून आधी दहा-पंधरा ठिकाणी खोली मोजा आणि कागदावर साधा नकाशा काढा.

उथळ तलावाला फार महागडं साधन लागत नाही. साधारण ६ सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक अॅक्रिलिक नळी, वर झडप किंवा घट्ट बसणारा रबरी बूच, आणि ढकलायला जोडता येणारे रॉड. वजनाने खाली जाणारा ग्रॅव्हिटी कोअरर असेल तर उत्तमच, भूगर्भशास्त्राच्या विभागात विचारलं तर कुणाकडे तरी सापडतो. पारदर्शक नळीचा आग्रह एवढ्यासाठी की आत काय आलंय ते दिसलं पाहिजे. बोट दोन बाजूंनी नांगर टाकून स्थिर करा, लाइफ जॅकेट घाला, पोहता येतं म्हणून सोडू नका कारण गाळात पाय रुतला की पोहणं कामाचं नसतं.

नळी हळू सोडायची. अगदी हळू. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर म्हणजे पातळ पिठल्यासारखा असतो, जोरात आपटलं तर नळी पोचायच्या आधीच तो बाजूला उडून जातो आणि गेली तुमची शेवटची पाच वर्षं. वर बूच लावून खेचा, आणि खालचं तोंड पाण्याबाहेर येण्याआधी, पाण्याखालीच, हाताने बूच बसवा. पाणी थंड असतं, हात काळे होतात, दुसरा मार्ग नाही. वर आल्यावर बघायचं ते एकच, गाळाच्या वर असलेलं पाणी स्वच्छ आहे का आणि गाळाची वरची कडा आडवी सरळ आहे का. पाणी गढूळ दिसलं तर तो कोअर सोडून द्या आणि पाच मीटर सरकून दुसरा घ्या, चांगल्या जागेचे निदान दोन कोअर पाहिजेतच. नळी गाळात किती शिरली आणि आत किती लांबीचा गाळ आला हेही मोजून लिहा, दोन्ही सारखं क्वचितच असतं, गाळ दाबला जातो.

नेताना नळी उभी. हे मी जीव तोडून सांगते कारण आमचा पहिला चांगला कोअर असाच गेला. सकाळी सहापासून खपून ७० सेंटिमीटरचा देखणा कोअर मिळाला, टेम्पोत उभा बांधला, आणि वाटेत सामान नीट लावताना टेम्पोवाल्याने तो आडवा करून ठेवला. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवरून अर्धा तास. लॅबमध्ये उघडला तर वरचे पंधरा सेंटिमीटर म्हणजे निव्वळ काला. आता मी बादलीत वाळू भरून त्यात नळी रोवते आणि स्वतः शेजारी बसून जाते.

कापणं

शक्यतो त्याच दिवशी कापा. नळी स्टँडवर उभी, खालून पिस्टनने गाळ वर ढकलायचा, एक सेंटिमीटर वर आला की पातळ स्टीलच्या पत्र्याने तेवढी चकती कापून डबीत. वरचे दहा सेंटिमीटर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने कापलेत तर आणखी चांगलं. प्रत्येक चकतीची बाहेरची कड दोन-तीन मिलिमीटर काढून टाका, कारण नळीच्या भिंतीला वरचा गाळ घासत खाली गेलेला असतो. पत्रा प्रत्येक वेळी पुसा.

हे काम करताना बघत राहा, नुसतं कापत जाऊ नका. वर हिरवट तपकिरी, जवळजवळ ओतता येईल असा. मग काळा, लोण्यासारखा, आणि सडक्या अंड्याचा वास, म्हणजे तिथे प्राणवायू नव्हता. हा काळा रंग हवा लागली की अर्ध्या तासात तपकिरी पडायला लागतो म्हणून फोटो ताबडतोब काढा, शेजारी पट्टी ठेवून. खाली जाल तसा घट्ट, करडा, आपल्या बेसाल्टच्या मातीचा. एकदा मधेच पत्र्याला काहीतरी अडलं, चिमट्याने सोडवलं तर पिंपळाचं अख्खं पान, मधला गर गेलेला, फक्त जाळी शिल्लक, देठासकट. त्याच कोअरमध्ये थोडं वर शाम्पूची एक पुडी सापडली आणि तिच्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष वाचता येत होतं. पुडीच्या वरचा गाळ त्या तारखेपेक्षा जुना असूच शकत नाही. असलं काहीही मिळालं तर धुऊन, खोली लिहून, जपून ठेवा. कचरा म्हणून फेकलेल्या गोष्टींनी मला लॅबपेक्षा आधी तारीख दिलीय.

डबीवर नुसता नंबर नको. तलाव, कोअर, खोली कुठून कुठपर्यंत, तारीख, सगळं, आणि पेन पाण्याने जाणारं नको. मेणासारखे रेणू तपासायचे असतील तर प्लास्टिक अजिबात नको, भट्टीत तापवून घेतलेली अॅल्युमिनियम फॉइल आणि काचेच्या बाटल्या. शेवाळाची रंगद्रव्यं बघायची असतील तर अंधारात आणि उणे २० अंशांवर, उजेडात ती तासाभरातच खराब व्हायला लागतात.

जाळून बघणं

सगळ्यात स्वस्त आणि पहिली चाचणी, लॉस ऑन इग्निशन, बोलीत एलओआय. कॉलेजात ओव्हन, मफल फर्नेस (विजेची बंद भट्टी) आणि चार दशांश दाखवणारा वजनकाटा असला की झालं.

टोक कापलेल्या सिरिंजने मोजून ठरावीक घनफळाचा ओला गाळ घ्या, वजन करा, १०५ अंशांवर रात्रभर सुकवा, परत वजन. यातून पाण्याचं प्रमाण आणि कोरडी घनता मिळते. घनता आत्ताच काढून ठेवा, पुढे तिच्याशिवाय अडेल आणि सुकलेल्या गाळातून ती परत मिळत नाही. मग खलात बारीक करून, रिकाम्या क्रूसिबलचं, म्हणजे भट्टीत चालणाऱ्या छोट्या वाटीचं, वजन आधी घेऊन, ५५० अंशांवर चार तास. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून वजन. समजा क्रूसिबल रिकामी १८.२१४० ग्रॅम, गाळासकट २०.२१४०, जाळल्यावर १९.९५४०. गाळ २ ग्रॅम होता, ०.२६ गेला, म्हणजे एलओआय १३ टक्के. शंख-शिंपले असतील तर पुढे ९५० अंशांवर दोन तास, तिथे कमी होणारं वजन म्हणजे चुन्यातून गेलेला कार्बन डायऑक्साइड. गरम क्रूसिबल काट्यावर ठेवायची नाही, आणि डेसिकेटरमधून काढल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, आपल्याकडच्या दमट हवेत कोरडा गाळ बघता बघता पाणी ओढतो.

पण हे १३ टक्के सगळं सेंद्रिय आहे का? नाही, आणि इथे आपल्या भागाची खास गंमत येते. आपली माती बेसाल्टची, फुगणाऱ्या चिकणमातीने भरलेली. या चिकणमातीच्या कणांच्या आत बांधलेलं पाणी असतं, ते १०५ ला जात नाही, ५५० पर्यंत जातं आणि सेंद्रिय म्हणून मोजलं जातं. दुसरं, विसर्जन घाटाजवळ प्लास्टर ऑफ पॅरिस. ते पाण्यात जिप्सम होतं आणि जिप्समच्या वजनात एक पंचमांश पाणी असतं, तेही १०५ ला पुरतं निघेल याची खात्री नाही. म्हणून असं करा, दहा-बारा नमुने निवडून सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणाऱ्या) मशीनवर खरा सेंद्रिय कार्बन मोजून आणा आणि एलओआय समोर ग्राफ काढा. सरळ रेष आली आणि कार्बन शून्य असताना एलओआय चार किंवा पाच टक्के दाखवत असेल तर तेवढं मातीचं पाणी. बाकीच्या सगळ्या नमुन्यांतून तेवढं वजा करायचं. पुस्तकातला तयार गुणक लावण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

कुठून आलं ते ओळखणं

कार्बन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर आधी बघा. शेवाळात प्रथिनं भरपूर, त्यामुळे गुणोत्तर साधारण ४ ते १०. जमिनीवरच्या झाडांत लाकूड आणि सेल्युलोज, त्यामुळे २० च्या वर. मधला आकडा आला तर मिश्रण. मोजण्याआधी चुना काढायला हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ द्या, आम्लात बुडवून धुऊ नका, धुताना थोडं सेंद्रियही वाहून जातं. वजनाचं गुणोत्तर आहे की अणूंचं ते लिहा, वजनाचं १.१६७ ने गुणलं की अणूंचं येतं, आणि दोन पेपरांची तुलना करताना इथेच लोक फसतात. नायट्रोजनचा काही भाग चिकणमातीला चिकटलेला अमोनियमही असतो, तो सेंद्रिय नाही. नायट्रोजन विरुद्ध कार्बन ग्राफ काढा, कार्बन शून्यावर नायट्रोजन उरत असेल तर तो हा.

मग समस्थानिकं, म्हणजे आयसोटोप. कार्बन-१३ चं मूल्य म्हणजे ठरलेल्या मानकापेक्षा ते हजारात (पर मिल) किती कमी-जास्त आहे. झाडं, भात वगैरेंचं उणे २७ च्या आसपास, ज्वारी, मका, ऊस आणि डोंगरावरचं बरंच गवत यांचं उणे १४ च्या आसपास, समुद्री शेवाळाचं उणे २० ते उणे २२. तलावातलं शेवाळ मात्र बऱ्याचदा झाडांसारखंच उणे २५ ते ३० मधे पडतं, त्यामुळे हा आकडा गुणोत्तराशेजारी ठेवूनच बघायचा. गुणोत्तर कमी आणि मूल्य जड, म्हणजे कमी उणे, होत चाललंय म्हणजे शेवाळ इतकं माजलं की त्याला कार्बन डायऑक्साइड कमी पडायला लागला. आणि कोळसा-पेट्रोल जाळून जाळून हवेतलाच कार्बन १८५० पासून साधारण २ पर मिलने हलका झालाय, ते दुरुस्त केल्याशिवाय वरच्या थरांची खालच्यांशी तुलना करू नका.

नायट्रोजन-१५ शहरात फार बोलकं असतं. सांडपाणी आलं की ते वर चढतं. हवेतला नायट्रोजन बांधणारं निळं-हिरवं शेवाळ वाढलं की शून्याकडे येतं. म्हणजे सांडपाण्याने आधी चढलेलं मूल्य पुढे खाली आलं तर लगेच तलाव सुधारला असं लिहू नका, कदाचित तलाव आणखी बिघडून निळं-हिरवं शेवाळ आलं असेल.

तुमच्या गाइडकडे गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटर (मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखणारं यंत्र) असेल तर रेणूंकडे वळा, तिथे नाव-गाव कळतं. पानांवरच्या मेणात २७, २९, ३१ कार्बनच्या लांब साखळ्या, पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतींत २३-२५, शेवाळात १७. माणसाच्या आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल तयार करतात, ते गाळात सापडलं म्हणजे मैला आला. गाई-म्हशींच्या शेणात त्याचाच भाऊबंद, इथिल जोडलेला, जास्त असतो, त्यामुळे तबेल्याचं पाणी आणि वस्तीचं पाणी वेगळं काढता येतं. ठाण्याच्या तलावांसाठी याहून नेमकी चाचणी मला माहीत नाही.

तारीख लावणं

तारखेशिवाय हे सगळं म्हणजे नुसत्या सेंटिमीटरच्या गप्पा. शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसं-२१०, अर्धायुष्य २२.३ वर्षं. जमिनीतून निघणाऱ्या रेडॉनपासून हवेत तयार होतं, पावसाबरोबर पडतं, गाळात पुरलं जातं आणि घटत जातं. काही शिसं गाळातल्या खनिजातूनही कायम बनत असतं, ते रेडियमवरून मोजून वजा करतात, आणि त्यासाठी नमुना सीलबंद करून तीन-चार आठवडे ठेवावा लागतो, ते वेळापत्रकात धरा. शहरात गाळ साचण्याचा वेग सारखा बदलतो म्हणून वेग कायम धरणारं साधं मॉडेल नको, सीआरएस, म्हणजे दरवर्षी पडणारं शिसं-२१० सारखं धरणारं मॉडेल लावा, आणि तेसुद्धा उपसलेल्या तलावात चालत नाही कारण त्याला वरून खालपर्यंत पूर्ण साठा लागतो.

पडताळणीला सिझियम-१३७. अणुचाचण्यांमुळे त्याचं शिखर १९६३ चं. पण आपल्या अक्षांशावर ते मुळातच कमी पडलं आणि अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे तेव्हाचं आता जेमतेम चतुर्थांश उरलंय, त्यामुळे शिखर पुसट दिसलं तर घाबरू नका. शिसेयुक्त पेट्रोल देशभर २००० साली बंद झालं, त्यानंतर शिशाचं प्रमाण उतरायला लागलेलं दिसलं तर तोही एक खुंटा. पानं मिळाली असतील तर कार्बन-१४, कारण १९५० च्या दशकानंतर अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट होऊन मग उतरला आणि त्या वक्रावर पान ठेवलं की वर्ष सापडतं. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात ही सोय आहे. अख्ख्या गाळाचा कार्बन-१४ मात्र करू नका, त्यात डोंगरावरून आलेली जुनी माती असते आणि तारीख खोटी जुनी येते.

आता ती तीन गोष्टींची सोडवणूक

कुजण्याचं आधी. स्वीडनमधे एका तलावात दरवर्षीचा थर वेगळा दिसतो, तिथे वर्षानुवर्षं कोअर गोठवून ठेवून तोच थर पुन्हा पुन्हा मोजला गेला. पहिल्या पाच वर्षांत कार्बन २० टक्के कमी झाला, २७ वर्षांनी २३ टक्के. नायट्रोजन पाच वर्षांत ३० आणि २७ वर्षांनी ३५ टक्के. म्हणजे घट जी व्हायची ती सुरुवातीलाच, आणि नायट्रोजन जास्त जातो म्हणून गुणोत्तर आपोआप थोडं वाढतं. आपल्या कोमट पाण्यात हेच आकडे लागू होतील असं नाही, पण दिशा हीच. त्यामुळे वरच्या चार-पाच सेंटिमीटरमधे सेंद्रिय भाग चढलेला दिसला की 'अलीकडे प्रदूषण वाढलं' असं लिहिण्याआधी थांबा, तिथलं कुजणं अजून संपलेलंच नाही. हा चढ जवळजवळ प्रत्येक तलावात दिसतो, निवळशंख पाण्याच्यासुद्धा.

आता पातळ होण्याचं. समजा तुमच्या कोअरमधे खाली गाळ वर्षाला २ मिलिमीटर साचत होता, कोरडी घनता घन सेंटिमीटरला ०.४ ग्रॅम, सेंद्रिय २० टक्के. ०.२ गुणिले ०.४ गुणिले ०.२०, म्हणजे चौरस सेंटिमीटरला वर्षाला ०.०१६ ग्रॅम, चौरस मीटरला १६० ग्रॅम. वर, इमारतींची कामं सुरू झाल्यावर, वर्षाला ८ मिलिमीटर, घनता ०.५, सेंद्रिय १२ टक्के. ०.८ गुणिले ०.५ गुणिले ०.१२, चौरस मीटरला ४८० ग्रॅम. टक्के बघणारा म्हणेल सेंद्रिय कमी झालं. प्रत्यक्षात तिप्पट झालंय, वरून माती वजनाने साडेपाचपट पडली म्हणून टक्का उतरला. ठाण्यासारख्या, डोंगर पोखरून बांधकाम झालेल्या शहरात हे पदोपदी होतं आणि तरीही दरवर्षी कुणीतरी फक्त टक्क्यांचा ग्राफ घेऊन येतं. दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी काढा.

फक्त शहरी तलावच बघून मन खट्टू होत असेल तर लोणारकडे बघा. तेही आपल्याच बेसाल्टमधलं, बाहेर वाट नसलेलं, साधारण १० मीटर कोअरमधे सुमारे ११,००० वर्षं. तिथे सेंद्रिय द्रव्याची समस्थानिकं, मेणाच्या साखळ्या आणि गेलुसाइट नावाच्या खनिजाचे खडे एकत्र वाचले गेले. हे खडे खारट, आटलेल्या पाण्यात बनतात आणि ते सापडले ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत, म्हणजे दोन लांबलेले कोरडे काळ. कुठलाही एक पुरावा घेऊन ते ठामपणे म्हणता आलं नसतं.

शेवटची पायरी परत तलावाकाठी. दुसरा कोअर निदान एलओआयपुरता तरी जाळून बघा, दोन्हीत तोच वाकडा-तिकडा बदल त्याच सुमारास दिसला तरच तो तलावाचा बदल, नाहीतर तुमच्या नळीखालच्या एका खड्ड्याचा. मग ते वर्ष मनात ठेवा, कागदावर दाखवू नका, आणि जुन्या माणसांना मोकळा प्रश्न विचारा. आमच्या एका तलावात गुणोत्तर उतरलं होतं, नायट्रोजन-१५ चढलं होतं आणि कोप्रोस्टॅनॉल पहिल्यांदा दिसत होतं, तिन्ही एकाच थरात. काठावर चाळीस वर्षं हार-फुलं विकणाऱ्या मावशींना मी एवढंच विचारलं, मावशी, या पाण्याचा वास कधीपासून यायला लागला हो. त्या म्हणाल्या, माझ्या धाकट्याच्या बारशाला याच पाण्याने अंगण सारवलं होतं, आणि तो शाळेत जायला लागला तोवर मागच्या चाळींचं पाणी इकडे सोडलं होतं. धाकट्याचं जन्मवर्ष विचारून मी वहीत लिहिलं आणि घरी येऊन तारखांच्या ग्राफवर त्याच्यापुढे पाच-सहा वर्षांची पेन्सिलने एक पट्टी काढली. तो थर पट्टीच्या आत होता.